उन्हातलं चांदणं

भयपट करायला निघालेले विद्यार्थी आधी जनरेटर आणि दिव्यांच्या मागे धावतात. मी म्हणेन, चांदण्या रात्रीचा प्रसंग दिवसाच्या उन्हातही घेता येतो, तेव्हा आधी सूर्याच्या वेळा लिहून काढा.

पौर्णिमेचं टिपूर चांदणंसुद्धा उन्हाचा साधारण चार लाखावा हिस्सा असतं. आपले डोळे अंधाराला सरावतात. साध्या कॅमेऱ्यात मात्र नुसता दाणेदार काळोख उतरतो. पण सूर्य आणि चंद्र यांच्यात एक विलक्षण साम्य आहे. आकाशात दोघेही जेमतेम अर्ध्या अंशाचे दिसतात. सावलीची कड किती पुसट होणार, हे प्रकाश देणारी वस्तू केवढी दिसते यावर ठरतं. पाच मीटर उंचावरच्या फांदीची सावली जमिनीवर येईतो तिची कड साडेचार सेंटीमीटरपर्यंत विरघळते. उन्हातही तेवढीच, चांदण्यातही तेवढीच. शिवाय रानातल्या सगळ्या झाडांच्या सावल्या एकाच दिशेला पडतात. जवळ उभ्या केलेल्या दिव्याच्या सावल्या फाकतात आणि तिथेच सोंग उघडं पडतं.

म्हणून ऊन कलल्यावर सूर्य पात्राच्या पाठीशी घ्या, आकाश चौकटीबाहेर ठेवा आणि एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात टिपला जाणारा प्रकाश, दोनेक स्टॉप उतरवा (एक स्टॉप उतरवला की प्रकाश निम्मा). केसांना, खांद्यांना रुपेरी कड येते, चेहरा सावलीत बुडतो. धुकं असेल तर फारच उत्तम. त्याचे थेंब प्रकाश मुख्यतः पुढेच फेकतात, त्यामुळे मागून ऊन आलं की ते उजळून निघतं.

रंगाचं मात्र जपून. चांदणं खरं तर उन्हापेक्षा किंचित तांबूस असतं, पण अंधूक उजेडात आपले डोळे निळ्या-हिरव्याकडे झुकतात आणि लाल रंग सगळ्यात आधी काळा पडतो. कॅमेऱ्याला हे ठाऊक नाही. नायिकेची लाल ओढणी तो लालच दाखवणार, आणि बघणाऱ्याला कुठेतरी खटकणार. तेव्हा लाल कपडे टाळा, नाहीतर संपादनात तो रंग विझवा.

खरी कातरवेळ हवी असेल तर घड्याळ लावून बसावं लागतं. त्या वेळचा गडद निळा रंग बराचसा ओझोनमुळे येतो. किरणं वातावरणातून लांबचा तिरपा प्रवास करतात आणि वाटेत ओझोन त्यांतला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो. निरभ्र आकाशाखाली सूर्यास्ताला साधारण 400 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. सूर्य क्षितिजाखाली 6 अंश गेला की जेमतेम 3. विषुववृत्ताच्या आसपास हा उतार 20 ते 25 मिनिटांत संपतो. म्हणजे जवळपास सात स्टॉप, सरासरी दर तीन-साडेतीन मिनिटांनी उजेड निम्मा! पाच शॉटचा प्रसंग एका दमात घेतला तर पहिला आणि शेवटचा जुळणारच नाहीत. आकाश दिसणारा मोठा शॉट तेवढा या वेळेसाठी राखा. जवळचे चेहरे दुसऱ्या दिवशी कातरवेळेच्या त्याच टप्प्यावर, आठ-दहा मिनिटांत घ्या.

सूर्य कधी टेकेल याचा अंदाज हातानेही येतो. हात ताठ लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंश झाकते. क्षितिज आणि सूर्य यांच्यात एक मूठ मावत असेल, तर निदान 40 मिनिटं हाताशी आहेत. तालीम तेवढ्यात उरकायची.