नोकरीत राहून पदवी: जवानांचे आणि अग्निवीरांचे अर्ज अडतात कुठे?

सैन्यात पंधरा वर्षं भरली की आपोआप ग्रॅज्युएट होतो, असं बराकीत सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. दहावी झालेल्या आणि किमान १५ वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट 'क'मधल्या राखीव पदांसाठी पदवीधरासारखं पात्र धरता येतं, तेही तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण अनिवार्य नसेल तिथे. त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसकडून जो कागद मिळतो तो विद्यापीठाची पदवी नाही. त्यावर एम.ए.ला प्रवेश मिळत नाही, बी.एड.ला मिळत नाही. निवृत्तीनंतर हा कागद घेऊन कॉलेजच्या खिडकीशी उभे राहिलेले सुभेदार पाहिले की वाईट वाटतं, कारण नोकरीत असतानाच खरी पदवी अगदी कमी पैशात झाली असती.

कमी पैशात म्हणजे मुक्त विद्यापीठातून. आपल्याकडच्या मुलांना नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ पटकन आठवतं. शिक्षण मराठीतून होतं, त्यामुळे ओढा स्वाभाविक आहे. पण ते राज्याचं विद्यापीठ, त्याचं कार्यक्षेत्र महाराष्ट्र. पोस्टिंग लेहला आणि परीक्षा केंद्र साताऱ्यात, अशी गत होते. रजा परीक्षेच्याच तारखांना मिळेल याची हमी कोणी देत नाही. म्हणून बदलीच्या नोकरीत इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ बरं. केंद्रं देशभर आहेत आणि परीक्षेचा फॉर्म भरताना दर वेळी नवं केंद्र निवडता येतं. भूदल आणि नौदलासाठी तर इग्नूची वेगळी मान्यताप्राप्त प्रादेशिक केंद्रंही आहेत. अडचण एकच, अभ्यास मुख्यतः हिंदी किंवा इंग्रजीतून करावा लागतो. बी.ए.ची फी वर्षाला काही हजारांत बसते. छापील पुस्तकांऐवजी डिजिटल पुस्तकं घेतली तर फीमध्ये १५ टक्के सूट मिळते. फील्ड पोस्टिंगवर पुस्तकांचं पार्सल तुमच्या मागे फिरत बसण्यापेक्षा हेच सोयीचं.

अग्निवीरांची वाट थोडी निराळी आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हाच त्यांच्यासाठी इग्नूची तीन वर्षांची खास कौशल्याधारित पदवीही जाहीर झाली. तिचे निम्मे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरतात. ही 'निम्मे' गोष्ट नीट लक्षात घ्या. उरलेले निम्मे भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, वाणिज्य, पर्यटन अशा विषयांत स्वतः अभ्यास करून मिळवायचे असतात. शिवाय पर्यावरण आणि इंग्रजी संवादकौशल्याचे पेपर आहेतच. अग्निवीराच्या सेवेची चार वर्षं संपली की डिग्री हातात पडते या भरवशावर राहिलेल्या मुलाच्या हाती काही पडत नाही. पहिल्या वर्षाचे विषय पूर्ण करून सोडलं तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांचे केले तर पदविका, तिन्ही वर्षांचे केले तर पदवी. प्रशिक्षणाचे क्रेडिट सैन्याच्या नोंदीवरूनच मिळणार, त्यामुळे सायबर कॅफेत जाण्याआधी युनिटच्या एज्युकेशन हवालदाराला गाठा. दहावीवर भरती झालेल्यांनी आधी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) बारावी करायची. आठवीवर लागलेल्या ट्रेड्समनना (स्वयंपाक, सफाईसारखी कामं करणाऱ्यांना) त्याच्याही आधी दहावी. नियमित जवानांनाही बारावी लागतेच, आणि अर्ज भरण्यापूर्वी युनिटची परवानगी घेतलेली बरी.

आता कागदांकडे. दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, फोटो, सही, लागू असेल तर जातीचा दाखला. इथे फारसं कोणी अडत नाही. अडतं ते नावात. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी, वडिलांचं कधी असतं कधी नसतं, आणि इंग्रजी स्पेलिंग ज्यानं टाइप केलं त्याच्या मर्जीचं. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तिसराच प्रकार. गावात याचं कोणाला काही वाटत नाही, पण पोर्टलला वाटतं. सप्टेंबर २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, डेब आयडी (दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) सक्तीचा झाला. तो काढायला एबीसी आयडी (विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) लागतो, आणि एबीसी आयडी निघतो आधारवरून. साखळीच्या टोकाला आधार आहे, म्हणून आधारवरचं नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे घाईत अर्धवट दुरुस्ती करून एक संधी घालवू नका.

दुसरी अडचण ओटीपीची. आधारला जोडलेला नंबर बहुतेकांचा घरचा प्रीपेड असतो, आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. मग ओटीपी येतो बंद फोनवर आणि अर्ज राहतो अर्धा. सीमेवर जवान पाठवायचे आणि फॉर्ममध्ये मात्र तो कायम गावातच बसलेला आहे असं धरायचं, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी एकदा राजौरीत बसून लॉगिन करून पाहावं. तोपर्यंत उपाय एवढाच: आधारची दुरुस्ती, एबीसी आणि डेब आयडी ही कामं रजेवर असताना उरकायची. अग्निवीराला वर्षाला रजाच ३० दिवसांची. त्यातला एक दिवस याला द्यावा लागतो.

इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जानेवारी आणि जुलै सत्रांसाठी. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. गोंधळ होतो तो तीन वेगळ्या मुदतींचा. स्वाध्याय (घरी लिहून द्यायच्या असाइनमेंट) जमा करण्याची मुदत वेगळी, परीक्षा फॉर्मची वेगळी, पुढच्या वर्षाच्या री-रजिस्ट्रेशनची वेगळी. एकीची तारीख वाढली म्हणून बाकीच्या वाढत नाहीत. पहिल्या वर्षाचा निकाल लागला की मग दुसऱ्याचं बघू, असं म्हणून कितीतरी जण थांबतात आणि वर्ष घालवतात. री-रजिस्ट्रेशनसाठी निकालाची गरज नसते. नापास असलात तरी फॉर्म भरा, राहिलेला विषय पुढे देता येतो.

स्वाध्यायाला ३० टक्के वजन आहे, आणि परीक्षेत कितीही गुण मिळवले तरी स्वाध्यायात वेगळे ३५ टक्के लागतात. ते जमाच केले नाहीत तर तो विषय अपूर्ण दाखवतो. प्रश्नही आपल्याच सत्राचे घ्या. मित्राच्या जुन्या प्रश्नपत्रिकेची उत्तरं लिहिलेली वही परत येते. तीन वर्षांची पदवी पूर्ण करायला कमाल सहा वर्षं मिळतात. बदल्या आणि फील्ड धरूनही हे पुरतं, फक्त मधली दोन वर्षं विसरायची नाहीत.

कॅन्टोन्मेंटबाहेर 'एका वर्षात डिग्री, जुन्या तारखेची' देणारे एजंट असतात. कुठल्याही विद्यापीठाला पैसे देण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण यादीत त्याचं नाव आणि तोच अभ्यासक्रम पाहा. भरलेले पैसे तर जातातच, खोट्या पदवीची नोंद सर्व्हिस रेकॉर्डला गेली तर प्रकरण शिस्तभंगापर्यंत जातं.

आणि पदवी झाल्यावर प्रोव्हिजनल सर्टिफिकेट घेऊन हेड क्लार्ककडे जा आणि शैक्षणिक पात्रतेची पार्ट टू ऑर्डर (सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंद करणारा युनिटचा आदेश) काढून घ्या. डिस्चार्ज बुकात शिक्षण अजूनही दहावीच लिहिलेलं आहे, हे अनेकांना निवृत्तीनंतर कळतं, आणि तेव्हा दुरुस्तीसाठी रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करण्यात महिने जातात.