नॅलोक्सोनची कुपी आणि अनुदानाचा रकाना

मंदसौर-नीमचकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये अफूच्या बोंडांना चिरा देतात आणि पाझरलेला चीक दुसऱ्या दिवशी खरवडून घेतात. शेती परवान्याची, खरेदीदार सरकार. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची आणि इंग्रजांनी तिच्या तोलाईचा काटा इंदुरातही बसवला होता. तेव्हा इंदूरकरांना अफूची नव्यानं ओळख करून द्यायला नको. पण त्याच चिकात मॉर्फिनबरोबर थेबाइन असतं आणि थेबाइनपासून नॅलोक्सोन बनवता येतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. नॅलोक्सोन म्हणजे अफूच्या जातकुळीतल्या नशेवरचा उतारा.

हेरॉइन किंवा ब्राउन शुगरचा डोस जास्त झाला की माणूस दगावतो तो श्वास मंदावत मंदावत थांबल्यामुळे. मेंदूच्या देठात पेशींचा एक छोटा पुंजका श्वासाची लय सांभाळतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की एरवी त्याची गती वाढते. अफूवर्गातली द्रव्यं तिथल्या 'म्यू' ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या इशारा पकडणाऱ्या जागांवर, जाऊन बसतात आणि हा इशाराच बोथट करतात. बघणाऱ्याला वाटतं, गडी गाढ झोपलाय. घोरल्यासारखी घरघर, मध्येच लांबलेला खंड, ओठ आणि नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक. अशा वेळी 'झोपू दे त्याला' म्हणणं जिवावर बेततं. बहुतेकदा हे सगळं झटक्यात होत नाही. तास-दोन तास जातात. म्हणजे शेजारी कुणी असेल तर वाचवायला वेळ असतो.

नॅलोक्सोन त्याच ग्राहींना जास्त घट्ट चिकटतं, पण त्यांना चालू करत नाही. नशेचे रेणू हटतात आणि काही मिनिटांत श्वास परततो. दारूवर किंवा झोपेच्या गोळ्यांवर त्याचा उपयोग नाही. निदान चुकलं तरी सहसा अपायही नाही. एक मेख मात्र आहे. त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, नशा त्याहून जास्त टिकू शकते. म्हणून रुग्ण उठून बसला, शिव्या द्यायला लागला, तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच.

औषध नवं नाही. पेटंटचा अर्ज १९६१चा, अमेरिकेत मंजुरी १९७१ची, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत १९८३पासून. अडचण आहे ती कुपी आणि माणूस यांच्यातल्या अंतराची. कुपी कॅज्युअल्टीच्या कपाटात, माणूस कुठल्यातरी बोळात. हे अंतर कमी करायला पैसा लागतो.

शिकागोत १९९६पासून एक संस्था नशा करणाऱ्यांच्याच हाती नॅलोक्सोन देऊ लागली. मॅसॅच्युसेट्समधला २०१३चा अभ्यास सांगतो की जिथे असं वाटप आणि प्रशिक्षण झालं, तिथे ओव्हरडोसच्या मृत्यूंचा दर २७ टक्के, आणि सहभाग जास्त होता तिथे ४६ टक्के कमी राहिला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका गणितानं अंदाज काढला की २२७ किट वाटले की एक मृत्यू टळतो. तरी अमेरिकी केंद्र सरकारनं खास नशेची हानी कमी करण्याच्या कामासाठी ३ कोटी डॉलरच्या अनुदानाचे अर्ज मागवले ते २०२१च्या डिसेंबरात. तोवर वर्षाला लाखभर माणसं मरू लागली होती!

आपल्याकडे २०१९मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीनं सुईनं नशा करणारे सुमारे साडेआठ लाख असल्याचं म्हटलं. त्यांच्यासाठीचा पैसा मुख्यतः दोन खिशांतून येतो. एड्स नियंत्रणवाले स्वच्छ सुया आणि सुईच्या नशेऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची गोळी देतात, कारण त्यांना एचआयव्ही थोपवायचा असतो. सामाजिक न्याय मंत्रालय व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान देतं. तिथे किती खाटा, किती दाखल, किती सुटले ते मोजलं जातं. दोन्ही कामं मोलाची. पण ओव्हरडोस या दोन रकान्यांच्या मधल्या फटीत पडतो, असं माझं मत आहे.

आणि धोका नेमका 'सुटले' या रकान्यानंतर वाढतो. महिनाभर नशा बंद राहिली की शरीराची सवय उतरते; बाहेर येऊन माणूस जुन्याच मापानं घेतो. वॉशिंग्टन राज्यातल्या २००७च्या अभ्यासात तुरुंगातून सुटल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसनं मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट निघाला. आपल्या केंद्रातून मुलगा घरी परततो, आई साखर वाटते, आणि नॅलोक्सोन हा शब्दसुद्धा तिच्या कानावर पडलेला नसतो.

इंदुरातल्या एखाद्या संस्थेनं उद्या प्रस्ताव लिहिलाच, तर त्यात कुप्या आणि सिरिंज हव्यात, पूर्वी नशा केलेल्या कार्यकर्त्याचा पगार हवा, घरच्यांना अर्धा दिवस शिकवणं हवं: हलवून हाक मारा, १०८ला फोन करा, तोंडानं श्वास द्या, इंजेक्शन मांडीत, मग कुशीवर वळवा. खरी पंचाईत ऑडिटची होईल. २२७ किटमागे एक जीव, म्हणजे बऱ्याचशा कुप्या मुदत संपून परत येणार, आणि 'न वापरलेला साठा' म्हणून तपासनीस लाल शेरा मारणार. आग विझवायचं नळकांडं वर्षभर भिंतीवर लटकून राहिलं म्हणून त्याचे पैसे कुणी वसूल करत नाही. तेव्हा मुदत संपलेल्या कुप्या बदलून देण्याची तरतूद पहिल्याच अर्जात, वेगळ्या ओळीत मागून घ्यावी.