तेरच्या संग्रहालयाला शाळेची सहल : परवानगी, एसटी आणि कागदपत्रे

धाराशिवपासून सुमारे २० किलोमीटरवर तेरणाकाठी तेर आहे. सातवाहनांच्या काळातलं हे तगर. पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनातही त्याचं नाव येतं. गावचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या उंचवट्यांवर, मिळालेल्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या. त्यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय आज राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे.

सहल काढायची तर क्रम चुकवू नका. बरेच जण आधी एसटी आगार गाठतात, तिथे परवानगीचं पत्र मागितलं की परत फिरतात. सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने करा. मग ठिकाणं, तारीख, विद्यार्थ्यांची व शिक्षकांची यादी जोडून मुख्याध्यापकांच्या सहीने शिक्षण विभागाकडे अर्ज द्या. प्रत्येक पालकाचं लेखी संमतीपत्र लागतंच. त्यावरच मोबाइल नंबर आणि मुलाचा काही आजार असल्यास तो लिहून घ्या. मुली असतील तर सोबत शिक्षिका हवीच.

परवानगी हातात आली की तिची प्रत आणि शाळेच्या लेटरहेडवरचं मागणीपत्र घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटा. बस प्रासंगिक करारावर, म्हणजे त्या सहलीपुरती भाड्याने, मिळते. मान्यताप्राप्त शाळांच्या सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत असते. खासगी शिकवणीवर्गांनी ती गृहीत धरू नये. करारात किमान किलोमीटरची अट असते, त्यामुळे नुसतं तेर महाग पडतं. धाराशिव लेणी किंवा नळदुर्ग जोडा. दोन्ही कोंबू नका, मुलं नुसती बसमध्येच बसून राहतील.

संग्रहालयाला स्वतंत्र पत्र द्या : मुलांची संख्या, येण्याची वेळ, फोटो काढायचे असल्यास तसा उल्लेख. राज्याची संग्रहालयं साधारणपणे सोमवारी बंद असतात, म्हणून तारीख ठरवण्याआधी फोन करा. जागा लहान आहे, ४०-५० मुलं एकदम आत सोडली तर कुणालाच काही दिसत नाही. दोन गट करा. एक आत असताना दुसरा त्रिविक्रम मंदिरात. पाठीमागून अर्धगोल असलेली ती विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह, असावी, असं अभ्यासक मानतात. गोरोबाकाकांची समाधीही गावातच आहे.

निघण्याआधी वर्गात एक गोष्ट सांगून ठेवा. तेरला एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत, इ.स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली मिळाली. मग मुलं काचेच्या कपाटांपाशी आपोआप थांबतात.