थंड रबर, ओला रस्ता: जुन्या सीबीआर 250आरला टायर निवडताना

होंडाची सीबीआर 250आर ही मोटरसायकल भारतात 2011 मध्ये आली आणि 2020 मध्ये बीएस-6 नियम लागू झाल्यावर बंद झाली. हौसेने घेतलेल्या त्यातल्या कितीतरी गाड्या आज कोथरूड ते हिंजवडी किंवा ठाणे ते अंधेरी अशा रोजच्या फेऱ्या मारतात. इंजिन अजून ठणठणीत असतं, टायर मात्र बदलायला आलेले असतात. दुकानात सल्ला मिळतो, "स्पोर्ट्स गाडी आहे, सॉफ्ट कंपाउंडच टाका." कंपाउंड म्हणजे टायरच्या रबराचं मिश्रण. रोज सिग्नलमागून सिग्नल घेत जाणाऱ्या गाडीसाठी हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याचं कारण रबराच्या स्वभावात आहे.

रबर रस्ता दोन तऱ्हांनी धरतं. एक, रेणूंच्या पातळीवरची चिकटपकड. दुसरी तऱ्हा अशी, की डांबरातल्या खडीची टोकं रबरात रुततात, रबर दबतं आणि पूर्ववत व्हायला किंचित वेळ घेतं. तेवढ्या विलंबामुळे खडीच्या एका अंगाला दाब जास्त पडतो, दुसऱ्या अंगाला कमी, आणि दाबातला हा फरकच घसरणं रोखतो. याला हिस्टेरेसिस म्हणतात. रस्ता ओला झाला की पाण्याचा पापुद्रा पहिली पकड बरीचशी काढून घेतो, मग भिस्त दुसरीवर. ही दुसरी पकड मिळण्यासाठी रबर खडीच्या बारीक खाचांत उतरण्याइतकं मऊ हवं, आणि मऊपणा तापमानावर ठरतो. जोरात चालवण्यासाठी केलेली कंपाउंड तापल्यावर खुलतात. आपल्या ट्रॅफिकमध्ये, त्यातही जुलैच्या पावसात, टायर तेवढा तापतच नाही. म्हणजे जास्त पैसे मोजून लवकर झिजणारा टायर घ्यायचा आणि त्याची खरी पकड कधी अनुभवायचीच नाही.

रोजच्या वापराला स्पोर्ट-टूरिंग (पकड आणि टिकाऊपणा यांचा मेळ घालणारा) किंवा चांगल्या दर्जाचा रोड टायर घ्यावा, आणि कंपाउंडमध्ये सिलिका, म्हणजे वाळूच्या जातीची बारीक पूड, आहे का हे विचारावं. रबरात पूर्वी मुख्यतः कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळी, मिसळत. सिलिकाची खुबी ही, की चाक फिरताना रबर ज्या संथ गतीने दबतं त्यात ऊर्जा कमी वाया जाते. पण घसरताना खडीवरून जो अतिवेगवान थरथराट होतो, त्यात रबर चांगलं विरोध करतं. त्यामुळे टायर फिरायला हलका राहतो आणि ओल्यात धरतोही. पहिल्या पावसात तेल-धूळ वर आलेला रस्ता, झेब्रा क्रॉसिंगचा जाड पांढरा पट्टा, मेट्रोच्या कामाजवळ टाकलेली लोखंडी प्लेट, अशा ठिकाणी या फरकाचा उपयोग होतो. अर्थात लोखंडी प्लेटवर रुतायला खडीच नसते, तिथे कोणताही टायर मर्यादितच काम करतो. प्लेट सरळ, ब्रेक न दाबता ओलांडावी.

आता माप. या गाडीचे मूळ टायर पुढे 110/70-17 54एस आणि मागे 140/70-17 66एस. 140 म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, 70 म्हणजे उंची रुंदीच्या 70 टक्के, 17 इंच रिमचा व्यास. 66 हा भार निर्देशांक, म्हणजे 300 किलो. 54 म्हणजे 212 किलो. एस म्हणजे ताशी 180 किमीपर्यंत चालण्याची क्षमता. भार आणि वेग यांत मूळ आकड्याखाली जाऊ नये. मागे 150/60 टाकायचा मोह अनेकांना होतो. हिशेब करून पाहा: मूळ टायरच्या बाजूची उंची 98 मिमी, 150/60 ची 90 मिमी. गाडी मागून 8 मिमी खाली बसते आणि हँडल वळायला थोडं सुस्त होतं. शिवाय मूळ टायरच्या बेतानं घडवलेल्या रिमवर रुंद टायर दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि त्याचा माथा टोकदार होतो. सरळ चालताना रस्त्याला टेकणारा भाग उलट अरुंद होऊ शकतो. दिसण्यासाठी एवढी किंमत मोजू नये.

ही गाडी बायस-प्लाय टायरवर बेतलेली आहे, म्हणजे ज्याच्या आतले धाग्यांचे थर तिरके एकमेकांना छेदतात. रेडियल टायरमध्ये ते धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे असतात. मापात रेडियल मिळाला तर पुढे-मागे एकाच मॉडेलची जोडी घ्यावी. पुढे रेडियल आणि मागे बायस असं कधीच नको. यामाहाच्या आर15 व्ही 2.0 वर पुढे बायस आणि मागे रेडियल होता खरा, पण ती जोडी कंपनीने त्या चासीवर तपासून दिलेली होती.

दुकानदाराने टायर पुढे केला की आधी तारीख बघावी. डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. एका बाजूला दिसले नाहीत तर दुसरी बाजू बघा. रबरातले दुहेरी बंध हवेतला ओझोन तोडतो. जिथे ताण आहे तिथे आडव्या बारीक चिरा पडतात. ते रोखण्यासाठी रबरात मेण आणि ओझोनरोधक द्रव्यं घातलेली असतात. टायर चालता राहिला की ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात, बाजूला दिसणारी तपकिरी झाक त्यांचीच. उभ्या गाडीत हे नीट घडत नाही. म्हणून भरपूर नक्षी असलेला आठ वर्षांचा टायर निम्म्या झिजलेल्या दोन वर्षांच्या टायरपेक्षा धोक्याचा. जुन्या टायरच्या नक्षीत नख रोवून पाहा, मग नव्यात रोवा. जुन्यात नख टेकतं, रुतत नाही.

टायर बदलायची वेळ कळण्यासाठी बाजूवर टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) किंवा छोटा त्रिकोण शोधावा. त्या रेषेत नक्षीच्या खाचेत उंचवटा असतो. नक्षी तिथवर यायची वाट पावसाळ्यापूर्वी पाहू नये. सरळ रस्त्यांमुळे मागचा टायर मध्येच झिजून चपटा होतो. तळहात आडवा फिरवला की कड हाताला लागते. अशा टायरवर गाडी आधी वळायला नको म्हणते आणि कडेवरून एकदम झुकते. पुष्कळ जण दोष स्टिअरिंग बेअरिंगला देतात.

बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण पाहावा आणि व्हॉल्व्ह नवा घालावा. पिवळा ठिपका टायरची हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हशेजारी ठेवावा. कडेला साबणाचं पाणी लावावं, ग्रीस किंवा ऑइल अजिबात नको. हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेषा सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना, हे चाक फिरवून बघावं. एके जागी आत गेली असेल तर टायर तिथे बसलेला नाही. बॅलन्सिंग करून घ्यावं. मागचं चाक परत लावताना स्विंगआर्मवरच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवाव्यात, आणि निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबावेत. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, उघडला असेल तर पहिल्या दाबाला ब्रेक पोकळ जातो.

हवेचा दाब चेनगार्ड किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना तपासावा. 30 पीएसआयच्या टायरमध्ये तापमान 10 अंश वाढलं की दाब सुमारे दीड पीएसआय वाढतो. तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर मऊ पडलेला असतो. नव्या टायरचा वरचा थर तुकतुकीत असतो, तो घासून खरखरीत होईपर्यंत पहिले 150 किमी झुकाव आणि ब्रेक हळूहळूच वाढवत न्यावेत. पावसात नवा टायर घातला असेल तर घाई आणखीच टाळावी.