डोळा आपोआप ओढला गेला, की पट्ट्यामागे मुद्दाम गेला?

धावत्या रेल्वेच्या खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची नोंद घेतली, तर आलेख करवतीच्या दात्यांसारखा येतो. मागे पळणाऱ्या देखाव्याबरोबर डोळे संथपणे मागे जातात आणि मग झटक्यात पुढे येतात. ही प्रतिक्षिप्त हालचाल म्हणजे ऑप्टोकायनेटिक निस्टॅग्मस, थोडक्यात ओकेएन. त्याच खिडकीतून एखादं झाड हेरून त्यावर नजर ठेवली, तरी डोळे तसेच संथ सरकतात. पण तो ऐच्छिक पाठलाग, म्हणजे स्मूथ पर्स्यूट. एरवी या दोन्हींची गल्लत झाली तरी फारसं बिघडत नाही. पण दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवून, त्यातलं कोणतं दिसतंय हे डोळ्यांच्या हालचालीवरूनच ओळखायचं असेल, तर ही गल्लत अख्खा प्रयोग वाया घालवते.

मांडणी साधी आहे. चार आरशांच्या स्टिरिओस्कोपमधून, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवणाऱ्या उपकरणातून, डाव्या डोळ्याला डावीकडे सरकणारे हिरवे पट्टे दाखवायचे, उजव्याला उजवीकडे सरकणारे लाल. वेग दोन्हींचा सारखा, समजा सेकंदाला 10 अंश. मेंदू दोन्हींचं मिश्रण करत नाही. काही सेकंद हिरवे दिसतात, काही सेकंद लाल, आणि पुढची अदलाबदल कधी होईल ते आधी सांगता येत नाही. या द्विनेत्री स्पर्धेचं वर्णन चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्येच केलं होतं. लक्षात घ्यायची गोष्ट पुढे आहे: पडद्यावर काहीही बदललेलं नसताना ओकेएनचा संथ टप्पा त्या त्या क्षणी दिसणाऱ्या पट्ट्यांच्या दिशेने वळतो. दोन्ही डोळे जोडीनेच हलत असल्यामुळे ज्याचं चित्र दबलंय तो डोळाही सोबत जातो, म्हणून नोंद एका डोळ्याची घेतली तरी चालते. लोगोथेटिस आणि शाल या संशोधकांनी 1990 मध्ये माकडांवर हाच मार्ग वापरला. माकडाला काय दिसतंय ते त्याच्या तोंडून ऐकता येत नाही, डोळ्यांतून मात्र कळतं.

मग पाठलाग केला तर काय बिघडतं? लाल पट्टे दिसत असताना माणूस लाल पट्ट्यामागेच जाईल, दिशा तर बरोबरच येणार, असं वाटतं. पण ठरवून एका पट्ट्याचा माग घेणं म्हणजे त्या चित्राला लक्षाची जोड देणं, आणि लक्ष दिलेलं चित्र जास्त वेळ टिकतं. म्हणजे जे मोजायचं तेच बदलून बसतं. शिवाय डोळा सेकंदाला 8 अंशांनी लाल पट्ट्यांबरोबर सरकला, तर दृष्टिपटलावर लाल पट्टे जेमतेम 2 अंशांनी घसरतात आणि दबलेले हिरवे 18 अंशांनी. सारख्या ताकदीची म्हणून निवडलेली चित्रं सारखी राहतच नाहीत. हा दोष ओकेएनमध्येही पूर्ण टळत नाही, पण हौसेने माग घेणाऱ्यात तो अधिक असतो.

आलेखावर फरक ओळखता येतो. नुसतं समोर बघणाऱ्याचे दाते लहान आणि भराभर येतात, आणि नजर सरासरीने झटक्याच्या बाजूला झुकते. माग घेणाऱ्याचे दाते मोठे आणि विरळ असतात, कारण तो एकच पट्टा कडेपर्यंत सोडत नाही. म्हणून सूचना नेमकी द्यावी: ‘मध्यभागाकडे बघा, कोणत्याही पट्ट्याच्या मागे जाऊ नका, डोळे हलले तर हलू द्या.’ मध्ये स्थिर ठिपका ठेवू नये, तो ओकेएनच दाबून टाकतो. दोन्ही डोळ्यांची चित्रं एकमेकांवर नीट बसावीत म्हणून चौकट लागते, ती फक्त कडेला ठेवावी.

चित्राच्या आकाराची निवड सगळ्यात अवघड. क्षेत्र मोठं असेल तर ओकेएन जोरदार येतो, पण चित्र तुकड्यातुकड्यांत दिसतं: एका कोपऱ्यात लाल, दुसऱ्यात हिरवं. तेव्हा संथ टप्पा शून्याजवळ घुटमळतो. क्षेत्र लहान केलं तर अदलाबदल स्वच्छ होते, पण प्रतिक्षेप दुबळा पडतो. दोन्ही टोकांपेक्षा मधला आकार शोधण्यात वेळ घालवलेला बरा.

नोंद वाचताना पहिली चूक होते ती झटके न काढता सरासरी घेण्याची. झटके संथ टप्प्याच्या उलट दिशेचे असल्याने वेग शून्यावर येतो. वेगाची मर्यादा लावून आधी झटके आणि पापण्यांची उघडझाप वगळावी, मगच उरलेला संथ वेग गुळगुळीत करावा. तो शून्य ओलांडतो तिथे बदल धरावा. अनेकदा हा वेग एकदम न पालटता हळूहळू वळतो, आणि त्यात खरी माहिती आहे. बटण दाबायला सांगितलं तर ‘हे की ते’ एवढंच कळतं, तेही उशिरा. सुरुवातीचा एखादा सेकंद टाकून द्यावा. चित्र 150 मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ दाखवलं तर स्पर्धा सुरूच झालेली नसते, दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले दिसतात.

प्रत्येक व्यक्तीमागे एक पडताळणी हवीच. दोन्ही डोळ्यांना एकच पट्टे दाखवून त्यांची दिशा ठरावीक क्षणी आपण बदलायची. संथ वेगावरून काढलेली दिशा पडद्यावरच्या दिशेशी जुळली नाही, तर त्या व्यक्तीच्या स्पर्धेच्या नोंदी वापरू नयेत.