मकरपुऱ्याच्या वर्कशॉपात कोड ऑफ कंडक्ट आला कुठून?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं १२ माणसांचं मशीनिंगचं युनिट आहे, मी तिथं अकाउंट्स बघतो. मागच्या महिन्यात एका मोठ्या कस्टमरकडून 'सप्लायर कोड ऑफ कंडक्ट' आला, म्हणजे माल पुरवणाऱ्यांनी पाळायची आचारसंहिता, २२ पानं, खाली सही-शिक्का मारून परत पाठवा. शेठनी न वाचता सही ठोकली, सगळे तेच करतात. मी मात्र हे लफडं मुळात कुठलं ते शोधत बसलो, तर निघालं विमानांचं.

१९७५-७६ ला अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीनं विमानं खपवायला परदेशात लाच चारल्याचं बाहेर आलं, जपानचे माजी पंतप्रधान तनाका त्यात अटक झाले, आणि चौकशी वाढत गेली तशी ४०० च्या वर कंपन्यांनी कबूल केलं की आम्हीपण असले पैसे दिलेत, मिळून ३० कोटी डॉलरच्या वर! म्हणून १९७७ ला तिथं परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्ध कायदा झाला. पण कोडचं खरं पीक आलं १९९१ नंतर, कारण तिथल्या कोर्टांसाठीच्या शिक्षेच्या नव्या नियमात होतं की गैरप्रकार रोखायची व्यवस्था कंपनीत आधीपासून असेल तर दंड कमी. म्हणजे नीतीपेक्षा वकिलांचा हिशेबच जास्त.

आपल्याकडे १९९८ ला सीआयआय या उद्योगांच्या संघटनेनं ऐच्छिक कोड काढला, मग शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा क्लॉज ४९ आला, कंपनीचा कारभार कसा असावा याचा नियम, पण तो शेअर बाजारात लिस्टेड कंपन्यांपुरता. गंमत बघा, सत्यम या आयटी कंपनीला २००८ मध्ये गव्हर्नन्सचं, म्हणजे चांगल्या कारभाराचं अवॉर्ड मिळालं आणि ७ जानेवारी २००९ ला खुद्द चेअरमननीच खोट्या आकड्यांची कबुली दिली. २०१३ ला नवा कंपनी कायदा आला. आमच्यासारख्यांपर्यंत हे सगळं पोचलं ते २०१८ मुळे असं मला वाटतं, त्या वर्षी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला आणि कंपनीच्या वतीनं काम करणाऱ्या कुणी लाच दिली तरी कंपनी अडकते, सुटायचं तर आम्ही पुरेशी खबरदारी घेतली होती हे दाखवावं लागतं. मग खबरदारी म्हणून घ्या सगळ्या व्हेंडरांच्या सह्या.

कोडमध्ये लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती आहे का असंपण विचारलंय, ते बरोबरच आहे, १० माणसं असली की २०१३ च्याच लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यानं ती लागतेच, आमच्याकडे आत्ता बनतेय.

पण २२ पानांत पेमेंटबद्दल एक ओळ नाही. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवस लिहिलेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. त्याच कस्टमरकडे आमचं बिल ९० दिवस पडून आहे, आणि व्याज मागायचा विषय काढला की शेठ म्हणतात, जाऊ दे रे, ऑर्डर जाईल.