चावा बघू नका, गादीची शिवण बघा

सकाळी उठल्यावर दंडावर, मानेवर तीन-चार लाल गांधी दिसल्या की आपण सगळे एकच म्हणतो, डास चावले असतील. आमच्याकडे महिनाभर हेच चाललं होतं, मशीन लावली, खिडक्यांना जाळी बसवली, तरी रोज नवीन गांधी. आणि माझ्या शेजारीच झोपणाऱ्या आईला काहीच नाही, म्हणून ती म्हणायची तुला कसलीतरी ॲलर्जी आहे. शेवटी एका रात्री साडेतीनला जाग आली, मोबाईलचा टॉर्च लावून गादीची कड उलटी केली तर शिवणीत अख्ख्या मसुरीच्या दाण्याएवढा, चपटा, तांबूस किडा. ढेकूण.

तेव्हा कळलं की चाव्यावरून किडा ओळखता येत नाही. ढेकणाच्या लाळेला प्रत्येकाचं शरीर वेगळं उत्तर देतं, कुणाला लगेच गांधी, कुणाला काही दिवसांनी, कुणाला कधीच नाही. आईलाही चावतच होते, फक्त दिसत नव्हते. घरात कुत्रं-मांजर असेल आणि चावे घोट्याजवळ असतील तर पिसवांचा संशय घ्यावा, पिसू टुणकन उडी मारते. ढेकणाला उडताही येत नाही आणि उडीही मारता येत नाही, तो फक्त चालतो.

खरा पुरावा गादीच्या शिवणीत, दिवाणाच्या प्लायच्या सांध्यात, बोल्टच्या भोकात सापडतो. पेनाची शाई सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके असतात, ती त्याची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ओल्या कापसाने पुसा, तांबूस-तपकिरी ओघळ येतो. शिवाय टाकलेली कात आणि जेमतेम १ मिलिमीटरची पांढरी, चिकटलेली अंडी.

आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर तो रात्री बाहेर येतो, ५-१० मिनिटं रक्त पितो आणि परत फटीत जातो. पिल्लाला मोठं होताना ५ वेळा कात टाकावी लागते आणि दर वेळी आधी रक्त लागतं. त्याला रक्त हवं असतं, घाण नाही, त्यामुळे स्वच्छ घरातही तो बॅगेतून, जुन्या फर्निचरमधून येतो. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, उलट शेजाऱ्यांना सांगा, कारण वायरिंगच्या पाइपातून तो भिंतीपलीकडे जातो. ढेकणामुळे माणसांत रोग पसरतो असं सिद्ध झालेलं नाही, पण झोपेचं खोबरं होतं ते होतंच.

आता घालवायचं कसं? दिसला की फवारा मारायचा हे मीही केलं. नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना बऱ्याच ठिकाणचे ढेकूण आता दाद देत नाहीत, उलट ते पांगून दुसऱ्या खोलीत जातात, आणि अंड्यांवर तर औषध फारसं चालत नाही. आणि हात जोडून सांगते, धान्यात ठेवायच्या गोळ्या खोलीत ठेवू नका, त्यातून फॉस्फिन वायू निघतो, त्याने झोपेतच माणसं मेली आहेत.

ढेकणाची खरी कमजोरी म्हणजे उष्णता. ५० अंशांच्या पुढे तो आणि त्याची अंडी काही मिनिटांत मरतात. पूर्वी खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायचे ते म्हणूनच. चादरी, अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवा, शिवणींवर स्टीमर अगदी सावकाश फिरवा. नुसती गादी उन्हात टाकून भागत नाही, आतला कापूस तेवढा तापत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात.

ढेकूण वर चढू नयेत म्हणून पलंगाचे पाय वाटीत ठेवायचे तर वाटीत साबणाचं पाणी हवंच. आपल्याकडे जास्त आढळणारा उष्ण प्रदेशातला ढेकूण गुळगुळीत कडेवरही चढतो, त्यामुळे थंड देशातल्या जातीसाठी बनवलेल्या कोरड्या प्लास्टिक वाट्यांमधून तो निसटू शकतो.

अंडी साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला दोन आठवड्यांनी परत बोलवायचं, एकदा करून सोडायचं नाही. आमच्याकडे तिसऱ्या फेरीनंतर ठिपके बंद झाले. सुरुवात झाली होती सेकंडहँड दिवाणापासून, घेताना त्याचा एकही बोल्ट उघडून बघितला नव्हता.